ईसॉपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: ग्रँटपासून विक्रीपर्यंत

भारतात नोकरी करणाऱ्या आणि पगाराचा काही भाग ईसॉपच्या (एम्प्लॉयी स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काच्या) रूपात मिळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कराच्या कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम १९६१ मधले आहेत, कारण बहुतेक योजनापत्रांत आणि जुन्या फॉर्मांवर तेच सापडतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि क्रमांक बदलले. ईसॉपवर दोन टप्प्यांत कर लागण्याची रचना मात्र तीच आहे.

१. ईसॉप मिळाले म्हणजे मी कंपनीचा भागधारक झालो का?

नाही. ईसॉप हा शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या मुदतीत, ठरावीक शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे. हक्क वापरायची सक्ती नसते. तो वापरून, पैसे भरून, शेअर तुमच्या नावावर होईपर्यंत लाभांश मिळत नाही आणि मतदानही करता येत नाही. हा हक्क विकता येत नाही, कुणाच्या नावे करता येत नाही आणि तारण ठेवून कर्जही काढता येत नाही. अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) कंपन्यांसाठी हे नियम कंपनी कायदा २०१३ चं कलम ६२(१)(ब) आणि २०१४ च्या भागभांडवल नियमांतला नियम १२ यांत आहेत. लिस्टेड कंपन्यांना सेबीची २०२१ ची नियमावली लागू होते.

२. ग्रँट, व्हेस्टिंग, क्लिफ, एक्सरसाइज... हे सगळं एका उदाहरणात सांगाल का?

समजा तुम्हाला १,२०० ऑप्शन (तितके शेअर घेण्याचे हक्क) मिळाले, एक्सरसाइज प्राइस (शेअर घेण्याची ठरलेली किंमत) ५० रुपये, व्हेस्टिंग चार वर्षांचं आणि क्लिफ एक वर्षाची.

कंपनीने ग्रँट लेटर दिलं तो दिवस म्हणजे ग्रँट. त्या दिवशी हातात काही येत नाही आणि करही लागत नाही. पहिलं वर्ष पूर्ण झालं की एकदम ३०० ऑप्शन व्हेस्ट होतात, म्हणजे ते वापरण्याचा हक्क पक्का होतो. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर शून्य, यालाच क्लिफ म्हणतात. पुढे दर महिन्याला २५ या हिशोबाने ३६ महिन्यांत उरलेले ९०० व्हेस्ट होतात. काही कंपन्या महिन्याऐवजी तिमाहीला किंवा वर्षाला व्हेस्ट करतात, आणि वार्षिक व्हेस्टिंगमध्ये दोन महिने आधी राजीनामा दिला तर अख्ख्या वर्षाचा हप्ता बुडतो. व्हेस्ट झालेल्या ऑप्शनसाठी प्रत्येकी ५० रुपये भरून शेअर घेणं म्हणजे एक्सरसाइज.

ग्रँट आणि पहिल्या व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्षाचं अंतर कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे ‘जॉइन होताच व्हेस्ट’ असं कुणी सांगितलं तर ते भारतीय कंपनीचं ईसॉप नसावं. ते दुसरंच काहीतरी असतं (प्रश्न ४).

आणखी एक गोष्ट सुटते: व्हेस्टिंगचं घड्याळ ग्रँटच्या तारखेपासून चालतं, जॉइनिंगच्या नव्हे. ऑफर लेटरमध्ये आश्वासन आहे, पण संचालक मंडळाची मंजुरी सहा महिन्यांनी मिळाली, तर क्लिफही सहा महिने पुढे सरकते. काही योजनांत व्हेस्टिंगची सुरुवात जॉइनिंगपासून धरलेली असते, पण तसं लेखी असलं पाहिजे, आणि ग्रँटपासूनचं एक वर्ष तरीही सुटत नाही.

३. ऑफरमध्ये ‘२० लाखांचे ईसॉप’ लिहिलंय. म्हणजे मला २० लाख मिळतील?

हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. एचआरकडून चार गोष्टी लेखी घ्या: ऑप्शनची संख्या, एक्सरसाइज प्राइस, २० लाख काढताना शेअरची धरलेली किंमत, आणि कंपनीचे फुली डायल्यूटेड बेसिसवर (सगळे ऑप्शन वगैरे शेअर झाले असं धरून) एकूण किती शेअर आहेत.

शेअरची किंमत ५०० रुपये धरली असेल तर २० लाख म्हणजे ४,००० ऑप्शन. एक्सरसाइज प्राइस १ रुपया असेल तर आजच्या भावाने खरोखरच १९ लाख ९६ हजारांचा फायदा दिसतो. एक्सरसाइज प्राइस ४०० रुपये असेल तर त्याच ४,००० ऑप्शनचा फायदा फक्त ४ लाख. ऑफर लेटरवर दोन्हीकडे ‘२० लाख’च छापलेलं असतं.

धरलेली किंमत कुठून आली हेही विचारा. बहुतेक वेळा ती शेवटच्या गुंतवणूक फेरीची असते, आणि त्या फेरीत गुंतवणूकदारांनी प्रेफरन्स शेअर घेतलेले असतात. तुमचे शेअर साधे समभाग असतात. दोघांची किंमत सारखी का नसते ते प्रश्न १६ मध्ये आहे.

एकूण शेअरची संख्या सांगायला कंपन्या कां कू करतात. ती कळल्याशिवाय ४,००० हा आकडा मोठा की लहान हे ठरवताच येत नाही. एक कोटी शेअरच्या कंपनीत तो ०.०४ टक्के होतो, दहा लाख शेअरच्या कंपनीत ०.४ टक्के. जी कंपनी ही संख्या लेखी द्यायला तयार नाही, तिचे ईसॉप पगाराच्या घासाघिशीत शून्य किमतीचे धरावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

४. आरएसयू, एसएआर, फँटम स्टॉक हे ईसॉपपेक्षा वेगळे कसे?

आरएसयूमध्ये (रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट) सहसा काही भरावं लागत नाही. व्हेस्ट झाले की शेअर मिळतात, म्हणून भाव पडला तरी काहीतरी किंमत उरते. ईसॉपमध्ये भाव एक्सरसाइज प्राइसच्या खाली गेला की हाती काही राहत नाही. एसएआरमध्ये (स्टॉक अप्रिसिएशन राइट) फक्त वाढलेल्या किमतीएवढा मोबदला रोख किंवा शेअरच्या रूपात मिळतो. फँटम स्टॉकमध्ये शेअर कधीच मिळत नाही, भावाशी जोडलेला तो एक रोख बोनस असतो आणि मिळेल तेव्हा पगार म्हणून करपात्र ठरतो. भारतीय कंपन्या ‘आरएसयू’ म्हणून जे देतात ते पुष्कळदा दर्शनी किमतीला दिलेले ईसॉपच असतात. नावावर जाऊ नका, एक्सरसाइज प्राइस बघा.

५. कंत्राटी कर्मचारी, सल्लागार किंवा संस्थापकाला ईसॉप मिळतात का?

नियम १२ नुसार अनलिस्टेड कंपनीचा कायम कर्मचारी, संचालक, तसंच तिच्या होल्डिंग किंवा सब्सिडियरी कंपनीचे कर्मचारी पात्र असतात. फ्रीलान्सर आणि बाहेरचे सल्लागार बसत नाहीत. स्वतंत्र संचालकही नाहीत. प्रवर्तक, प्रवर्तक गटातली व्यक्ती आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त भागभांडवल असलेला संचालक अपात्र ठरतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला स्थापनेपासून दहा वर्षं प्रवर्तक आणि असे संचालक यांच्याबाबत सूट आहे. सल्लागाराला ‘ईसॉप देतो’ म्हणून साधं पत्र दिलं असेल तर त्या पत्राला या नियमाचा आधार नसतो.

६. सही करण्यापूर्वी नेमकी कोणती कागदपत्रं वाचायची?

दोन: ग्रँट लेटर आणि मूळ ईसॉप योजना. ग्रँट लेटर दोन-तीन पानांचं असतं आणि त्यात शेवटी ‘योजनेतील अटी बंधनकारक’ असं एक वाक्य असतं. सगळं त्या योजनेत दडलेलं असतं. तिथे हे शोधा:

- नोकरी सोडल्यावर एक्सरसाइजसाठी किती दिवस मिळतात (प्रश्न १३)
- ‘कॉज’ची व्याख्या, म्हणजे कोणत्या कारणाने काढलं तर व्हेस्ट झालेलेही रद्द होतात
- एक्सरसाइज कधीही करता येतो, की फक्त लिक्विडिटी इव्हेंटच्या (कंपनीची विक्री, आयपीओ अशा प्रसंगाच्या) वेळी
- कंपनीला तुमचे शेअर परत विकत घ्यायचा हक्क आहे का, आणि असल्यास कोणत्या किमतीला
- ड्रॅग-अलाँग: मोठ्या भागधारकांनी विकायचं ठरवलं तर तुम्हालाही विकावं लागेल का

परत खरेदीच्या कलमात ‘बाजारमूल्य किंवा एक्सरसाइज प्राइस, यातली कमी असेल ती’ असं लिहिलेलं आढळलं तर तिथे थांबा. त्या वाक्याचा अर्थ असा की नोकरी सोडताच तुमचा सगळा फायदा कंपनी मूळ किमतीत परत घेऊ शकते.

७. एक्सरसाइज प्रत्यक्षात कसा करतात? मध्ये काय अडतं?

आधी डीमॅट खातं उघडा. बहुतेक कंपन्यांना आता शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात, खासगी कंपन्यांनाही, फक्त छोट्या खासगी कंपन्या वगळून. मग कंपनीच्या पोर्टलवर किंवा छापील फॉर्मवर एक्सरसाइजचा अर्ज करायचा. त्यानंतर कंपनी दोन रकमा कळवते: एक्सरसाइजची रक्कम आणि त्यावरचा टीडीएस. दोन्ही भरल्यावर संचालक मंडळ शेअरचं वाटप मंजूर करतं आणि शेअर खात्यात येतात.

अडतं ते साधारण तीन ठिकाणी. डीमॅट खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. मूल्यांकनाचं प्रमाणपत्र जुनं झालेलं असतं, नवीन येईपर्यंत अर्ज लटकतो (प्रश्न १०). आणि सगळ्यात जास्त वेळा, टीडीएसची रक्कम महिन्याच्या पगारापेक्षा मोठी निघते. मग कंपनी फरक आधी रोख भरायला सांगते, आणि पैशांची जमवाजमव होईपर्यंत मुदत निघून जाते. लिस्टेड कंपनीत यावर ‘सेल टू कव्हर’चा उपाय असतो: मिळालेल्या शेअरपैकी काही लगेच विकून एक्सरसाइज आणि कराची रक्कम भागवतात, उरलेले तुमच्या खात्यात जमा होतात. अनलिस्टेड कंपनीत विकत घेणाराच नसतो, म्हणून हा मार्ग बहुधा बंद.

पैसे भरल्याची तारीख, अर्जाची तारीख आणि वाटपाची तारीख, तिन्हींचे पुरावे जपून ठेवा. विकताना हिशोब त्यावर चालतो.

८. व्हेस्ट झाल्याबरोबर एक्सरसाइज करावा की थांबावं?

लिस्टेड कंपनी असेल आणि मुदत शिल्लक असेल तर थांबण्यात फारसा तोटा नसतो. एक्सरसाइज केल्याशिवाय तुमचा पैसाही अडकत नाही आणि करही लागत नाही. अनलिस्टेड कंपनीत प्रश्न अवघड होतो. आज मूल्यांकन कमी असताना एक्सरसाइज केला तर पगारावरचा कर कमी लागतो आणि शेअर धरून ठेवल्याचा काळ लवकर सुरू होतो. पण त्या बदल्यात तुम्ही खरे पैसे अशा शेअरमध्ये घालता जे कदाचित कधीच विकले जाणार नाहीत. एक्सरसाइज अधिक कर मिळून होणारी रक्कम पूर्ण बुडाली तरी चालेल इतकी असेल, तरच अनलिस्टेड कंपनीत लवकर एक्सरसाइज करावा. कर्ज काढून करू नये.

रक्कम मोठी असेल तर सगळं एकाच आर्थिक वर्षात उरकू नका. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के अधिभार लागतो, एक कोटीच्या वर १५ टक्के. अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये, अशी विभागणी केल्याने अनेकांचा अधिभार टळतो.

९. कर नेमका किती वेळा आणि किती लागतो?

दोनदा. पहिल्यांदा शेअर मिळताना, दुसऱ्यांदा ते विकताना.

पहिला टप्पा पगाराचा. एक्सरसाइजच्या दिवशीचं बाजारमूल्य वजा तुम्ही भरलेली रक्कम, हा फरक कलम १७(२) खाली पर्क्विझिट (नोकरीतून मिळालेला लाभ) म्हणून पगारात मिळवला जातो आणि त्यावर स्लॅबप्रमाणे टीडीएस कापतात. प्रश्न २ मधलं उदाहरण पुढे नेऊ. १,२०० ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस ५०, त्या दिवशीचं मूल्य ४५०. पर्क्विझिट झालं ४,८०,००० रुपये. ३० टक्क्यांचा स्लॅब आणि ४ टक्के उपकर मिळून कर १,४९,७६०. एक्सरसाइजचे ६०,००० धरून खिशातून गेले २,०९,७६० रुपये, आणि अजून एकही शेअर विकलेला नाही.

दुसरा टप्पा भांडवली नफ्याचा. इथे खरेदी किंमत ५० नव्हे, ४५० धरायची, कारण मधल्या ४०० वर कर आधीच भरला आहे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये खरेदी किंमत शून्य किंवा ५० दिसते, लोक तीच विवरणपत्रात टाकतात आणि एकाच रकमेवर दोनदा कर भरतात.

लिस्टेड शेअर १४ महिन्यांनी ७०० ला विकले तर नफा ३,००,०००. दीर्घकालीन नफ्यातले पहिले १,२५,००० करमुक्त, उरलेल्या १,७५,००० वर १२.५ टक्के आणि उपकर, म्हणजे २२,७५० रुपये. बारा महिन्यांच्या आत एक्स्चेंजवर विकले असते तर दर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. अनलिस्टेड शेअरसाठी सीमा २४ महिन्यांची: त्यापुढे १२.५ टक्के, पण सव्वा लाखाची सूट नाही, आणि त्याआत स्लॅबप्रमाणे. मुदत वाटपाच्या तारखेपासून मोजायची, व्हेस्टिंगपासून नव्हे.

१०. बाजारमूल्य कोण ठरवतं? शेवटच्या फेरीत शेअर ९०० ला गेला, कंपनी ४५० म्हणते.

दोन्ही बरोबर असू शकतात. लिस्टेड शेअरसाठी एक्सरसाइजच्या दिवशीच्या सुरुवातीच्या आणि बंद भावाची सरासरी घेतात. दोन एक्स्चेंजवर व्यवहार होत असतील तर जिथे उलाढाल जास्त तिथली. अनलिस्टेड शेअरसाठी मर्चंट बँकरचं प्रमाणपत्र लागतं, चार्टर्ड अकाउंटंटचं इथे चालत नाही. ते एक्सरसाइजच्या तारखेचं किंवा त्याआधीच्या १८० दिवसांतलं असावं लागतं.

९०० ही गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरची किंमत, ४५० ही साध्या समभागाची. कमी मूल्य निघालं तर तुमचा पगारावरचा कर कमी होतो, त्यामुळे याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

११. शेअर विकताच येत नाहीत, मग आत्ताच कर का? स्टार्टअपला सवलत आहे ना?

आहे, पण फार थोड्यांना. २०२० च्या अर्थसंकल्पानंतर कलम १९२(१सी) आलं. त्यानुसार पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्याचा पगाराच्या टप्प्यावरचा कर पुढे ढकलला जातो. तो तीनपैकी जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत कापायचा: शेअर मिळाले त्या निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिने संपणं, शेअर विकणं, किंवा नोकरी सोडणं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात शेअर मिळाले असतील तर निर्धारण वर्ष २०२५-२६, ते ३१ मार्च २०२६ ला संपलं, म्हणजे जास्तीत जास्त मुदत ३१ मार्च २०३०. कर त्या वेळच्या नव्हे, शेअर मिळाले त्या वर्षीच्या दराने लागतो.

इथे दोन गाठी आहेत. एक, पात्र म्हणजे कलम ८०-आयएसीचं (स्टार्टअपच्या नफ्यावरील करसवलतीचं) प्रमाणपत्र असलेली स्टार्टअप. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) मान्यता पुरत नाही, आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपपैकी हे प्रमाणपत्र फारच थोड्यांकडे असतं. कंपनीला थेट विचारा: ‘८०-आयएसीचं प्रमाणपत्र आहे का?’ दोन, नोकरी सोडल्याबरोबर सवलत संपते. शेअर विकलेले नसतात, पगार थांबलेला असतो आणि कर समोर उभा राहतो. कर माफ झालेला नसतो, फक्त पुढे गेलेला असतो.

१२. एक्सरसाइजनंतर भाव कोसळला. भरलेला कर परत मिळेल?

नाही. ४५० च्या मूल्यावर कर भरला आणि ३०० ला विकलं, तर १,२०० शेअरवर १,८०,००० चा भांडवली तोटा होतो. तो पगारातून वजा करता येत नाही. अल्पकालीन तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वळता होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. म्हणूनच लिस्टेड कंपनीत कराएवढे शेअर तरी लगेच विकून मोकळं व्हावं.

१३. राजीनामा दिला तर ईसॉपचं काय?

व्हेस्ट न झालेले रद्द होतात. व्हेस्ट झालेले योजनेतल्या मुदतीत एक्सरसाइज करावे लागतात. ही मुदत ३०, ६० किंवा ९० दिवस असणं सर्रास आढळतं, काही कंपन्या काही वर्षंही देतात. मुदत शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजायची की राजीनाम्याच्या तारखेपासून, हे योजनेत बघा. नोटीस पीरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं का, हेही योजनागणिक बदलतं.

राजीनाम्याआधी एक हिशोब कागदावर मांडा: किती व्हेस्ट झालेत, पुढचा हप्ता कधी आहे, एक्सरसाइजला किती लागतील, कर किती, आणि कलम १९२(१सी) खाली ढकललेला जुना कर आहे का (प्रश्न ११). मुदत वाढवून घ्यायची असेल तर ती बोलणी राजीनाम्यापूर्वी करा. ईमेलवरचं तोंडदेखलं ‘बघू’ उपयोगाचं नाही, संचालक मंडळाची मंजुरी लागते.

१४. नोकरकपात झाली, निवृत्ती आली किंवा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर?

मृत्यू झाला तर दिलेले सगळे ऑप्शन, व्हेस्ट न झालेलेही, वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीकडे व्हेस्ट होतात. एक वर्षाची अट आड येत नाही. कायमचं अपंगत्व आलं तर त्या दिवशी सगळे व्हेस्ट होतात. ही तरतूद अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते, त्यामुळे ग्रँट लेटर घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि कंपनीकडे नामनिर्देशन भरा.

लिस्टेड कंपनीतून निवृत्त झाल्यास व्हेस्ट न झालेले ऑप्शन मूळ वेळापत्रकाप्रमाणे व्हेस्ट होत राहतात. कपातीत कायद्याचं संरक्षण नाही, राजीनाम्याचाच नियम लागतो. मात्र कपातीच्या वेळी कंपनी एक्सरसाइजची मुदत वाढवायला बऱ्याचदा तयार होते. मागून बघा.

१५. कंपनीचा आयपीओ येतोय. माझे शेअर लगेच विकता येतील?

आयपीओपूर्वीच्या बिगर-प्रवर्तक भागधारकांना सहा महिन्यांचा लॉक-इन असतो. ईसॉपमधून कर्मचाऱ्यांना मिळालेल्या शेअरला त्यातून सूट आहे, माजी कर्मचाऱ्यांनाही. कंपनीच्या योजनेत स्वतःचा वेगळा लॉक-इन असेल तर तो मात्र लागू राहतो. लिस्टिंगपूर्वी घेतलेले शेअर लिस्टिंगनंतर विकले तर मुदत बारा महिन्यांचीच मोजतात.

पुढची अडचण इनसायडर ट्रेडिंगची. तुम्ही ‘डेझिग्नेटेड पर्सन’ (आतली माहिती हाताशी असल्याने कंपनीने यादीत घातलेली व्यक्ती) असाल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीची मुभा, बंद असते. त्या काळात एक्सरसाइज करता येतो, विक्री करता येत नाही. म्हणजे बंद काळात एक्सरसाइज केला की कराची रक्कम आधी भरायची आणि भावाची जोखीम काही आठवडे अंगावर घ्यायची. विंडो उघडी असताना एक्सरसाइज आणि विक्री एकत्र करणं सोयीचं.

१६. कंपनी विकली गेली, बातमीत मोठा आकडा आहे, आणि माझ्या वाट्याला काहीच कसं नाही?

कारण विक्रीची रक्कम सरळ टक्केवारीने वाटली जात नाही. गुंतवणूकदारांच्या प्रेफरन्स शेअरला आधी पैसे मिळतात, याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात.

समजा गुंतवणूकदारांनी १०० कोटी घातले, त्यांचा हिस्सा ४० टक्के, आणि प्रेफरन्स घातलेल्या रकमेएवढा. कंपनी ९० कोटींना विकली तर सगळे ९० कोटी त्यांचे. साध्या समभागांना शून्य. १५० कोटींना विकली तर ४० टक्क्यांचे ६० कोटी घेण्याऐवजी ते प्रेफरन्सचे १०० कोटी घेतील, आणि उरलेले ५० कोटी बाकीच्या ६० टक्क्यांत वाटले जातील. तुमचा हिस्सा ०.१ टक्का असेल तर बातमीच्या हिशोबाने १५ लाख दिसतात, हातात ८ लाख ३३ हजार येतात, तेही एक्सरसाइज प्राइस आणि कर वजा होण्यापूर्वी. म्हणून टक्केवारीइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न: आजवर एकूण किती भांडवल उभं केलं आणि प्रेफरन्स किती पट आहे?

व्हेस्ट न झालेल्यांचं काय होतं हे योजनेतल्या अॅक्सलरेशनच्या कलमावर ठरतं. सिंगल ट्रिगर असेल तर विक्री होताच व्हेस्ट होतात. डबल ट्रिगर असेल तर विक्रीनंतर तुम्हाला काढलं तरच. कलमच नसेल तर नवा मालक त्याच्या योजनेत बदलून देतो, नाहीतर रद्द होतात.

१७. कंपनी ऑप्शन रोखीत परत घेतेय. यावर कर कसा?

एक्सरसाइज न करता ऑप्शन सोडून दिल्याबद्दल मिळालेली रोख कंपन्या पगार समजून टीडीएस कापतात. ऑप्शन तुमच्याकडेच राहिले आणि मूल्य घटल्याची एकरकमी भरपाई मिळाली, तर मात्र वाद आहे. अशाच भरपाईवर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती करपात्र पर्क्विझिट नसल्याचं म्हटलं, तर मद्रास उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. रक्कम मोठी असेल तर कंपनीच्या पत्रातली शब्दरचना करसल्लागाराला दाखवूनच विवरणपत्र भरा.

१८. बोनस शेअर किंवा स्प्लिट झाला तर? आणि भाव एक्सरसाइज प्राइसच्या खाली गेला तर?

स्प्लिटमध्ये एकाचे पाच झाले तर ऑप्शनही पाचपट होतात आणि एक्सरसाइज प्राइस एक पंचमांश होते. कंपनीकडून सुधारित पत्र घ्या, पोर्टलवर जुनेच आकडे राहिल्याचे प्रकार घडतात. भाव खाली गेल्यास कंपनी भागधारकांच्या मंजुरीने किंमत कमी करू शकते, पण सक्ती नाही.

१९. माझ्या नोकरीची कंपनी भारतीय, पण शेअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे. काय वेगळं?

पगाराचा टप्पा तसाच. टीडीएस भारतीय कंपनीच कापते. विकताना मात्र हे शेअर भारतात लिस्टेड नसल्याने अनलिस्टेडचे नियम लागतात: २४ महिने, आणि सव्वा लाखाची सूट नाही.

त्याहून जास्त त्रास शेड्यूल एफएचा, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याचा. परदेशी शेअर विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक आहे, विकले नसले, लाभांश मिळाला नसला तरी. इथे वर्ष आर्थिक नसतं, कॅलेंडरचं असतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ मधले शेअर दाखवायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालेले त्या वर्षीच्या पगारात येतात, पण शेड्यूल एफएमध्ये पुढच्या वर्षी. न दाखवल्यास काळा पैसा कायद्यानुसार १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, तरी माहिती द्यावीच लागते.

लाभांशावर अमेरिकेत साधारणपणे २५ टक्के कर कापला जातो. त्याचं क्रेडिट भारतात मिळतं, पण फॉर्म ६७ भरला तर. ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन (तुम्ही अमेरिकेचे करदाते रहिवासी नसल्याचा फॉर्म) भरलेला असू द्या, त्याची मुदत संपली की विक्रीच्या वेळी रक्कम अडकते. आणि रक्कम मोठी होत चालली असेल तर हेही ध्यानात असू द्या: अमेरिकी कंपनीचे शेअर धारण करणाऱ्या परदेशी व्यक्तीचा मृत्यू झाला, तर तिथल्या ६०,००० डॉलरवरच्या मालमत्तेवर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू होऊ शकतो.

२०. कोणता आयटीआर भरायचा?

वर्षात एकदाही अनलिस्टेड किंवा परदेशी शेअर जवळ असतील तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. नोकरदाराला सहसा आयटीआर-२ लागतो. भरण्यापूर्वी नोकरीच्या टीडीएस प्रमाणपत्रातली पर्क्विझिटची रक्कम आणि तुमच्याकडचं एक्सरसाइज स्टेटमेंट ताडून पाहा. कंपनीने मूल्य चुकवलं असेल तर विक्रीच्या वेळी खरेदी किंमतही चुकते (प्रश्न ९).

२१. ग्रँट पुण्यात मिळाली, व्हेस्टिंगच्या मधल्या काळात परदेशी बदली झाली. कर कुठे?

साधारणपणे ग्रँट ते व्हेस्टिंग या काळातली जितकी नोकरी भारतात झाली तितक्या प्रमाणात पर्क्विझिट भारतात करपात्र धरतात, एक्सरसाइजच्या वेळी तुम्ही अनिवासी असलात तरी. ३६ महिन्यांपैकी १८ भारतात गेले असतील तर निम्मं. दुसरा देशही आपला हिस्सा मागतो, म्हणून बदलीच्या तारखा, दोन्हीकडच्या पगारपावत्या आणि पासपोर्टवरचे शिक्के जपा, आणि भारतीय पेरोलला बदलीची लेखी कल्पना द्या. ती दिली नाही तर पूर्ण रकमेवर इथे टीडीएस कापला जातो आणि परतावा विवरणपत्रातून मागावा लागतो.